शर्यत कंटाळवाणी केव्हा झाली?

१२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियातील फॉर्म्युला वन शर्यत संपली तेव्हा प्रेक्षकांतून टाळ्यांऐवजी हुर्यो उठली. जवळजवळ सबंध शर्यत आघाडीवर राहिलेल्या रुबेन्स बॅरिकेलोने अंतिम रेषा नजरेच्या टप्प्यात आल्यावर गाडीचा वेग कमी केला आणि आपल्याच फेरारी संघातल्या मायकेल शूमाकरला पुढे जाऊ दिले. संघाचा तसा हुकूम होता. शूमाकरला या मदतीची गरज होती असेही नाही, कारण मोसमातील आधीच्या पाच शर्यतींपैकी चार त्यानेच जिंकलेल्या होत्या. ओशाळलेल्या शूमाकरने विजेत्याच्या पायरीवर बॅरिकेलोला उभे केले, चषकही त्याच्या हाती दिला. पुढे फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड झाला खरा, परंतु तो विजय फिरवल्याबद्दल नव्हता. संघादेश तेव्हा नियमबाह्य नव्हते. दंड झाला तो पारितोषिक-समारंभाचा शिष्टाचार मोडल्याबद्दल!

त्या वर्षी १७ पैकी १५ शर्यती फेरारीने जिंकल्या. शूमाकर सतराही शर्यतींत पहिल्या तिघांत होता, आणि जुलैमध्येच, सहा शर्यती शिल्लक असताना, त्याचे विश्वविजेतेपद निश्चित झाले होते. 'मोटारशर्यत आता पाहवत नाही' हे वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकले ते त्याच सुमारास, आणि तेव्हापासून ते थांबलेले नाही. प्रत्येक वेळी त्याच्या जोडीला एक उपवाक्य असते: 'पूर्वी असे नव्हते.' कंटाळ्याच्या तक्रारीत भूतकाळाविषयीचे एक विधान दडलेले असते, आणि ते तपासता येते. म्हणून हा इतिहासाचा लेख. यंत्रशास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु पाहणाऱ्याची उत्कंठा कशाने जागते आणि कशाने मरते हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका असण्याचे कारण नाही.

पूर्वी खरोखर कसे होते? विश्वविजेतेपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे झाली. त्या वर्षी गणनेत धरलेली इंडियानापोलिसची अमेरिकन शर्यत सोडली, तर युरोपातील सहाच्या सहा शर्यती आल्फा रोमेओच्या गाड्यांनी जिंकल्या. १९५१ नंतर आल्फा रोमेओने अंग काढून घेतले. स्पर्धेला पुरेशा गाड्याच मिळेनात, म्हणून १९५२ आणि १९५३ या वर्षी विश्वविजेतेपद चक्क दुय्यम वर्गाच्या नियमांनुसार खेळवावे लागले. १९५२ मध्ये युरोपातील सातही शर्यती फेरारीने जिंकल्या. त्यांपैकी सहा एकट्या अल्बर्टो अस्कारीच्या; सातवीत तो उतरलाच नव्हता. १९६८ साली न्यूरबर्गरिंगच्या धुक्यापावसात जॅकी स्टुअर्ट दुसऱ्या क्रमांकाच्या चालकाला चार मिनिटांहून अधिक अंतराने मागे टाकून जिंकला. पुढल्याच वर्षी स्पेनमध्ये दोन पूर्ण फेऱ्यांच्या अंतराने. आज असे घडले तर सामान्य प्रेक्षक दूरचित्रवाणी संच बंद करून झोपी जाईल. ज्याला सुवर्णयुग म्हणतात त्या काळात एकतर्फीपणा आजच्याहून कमी नव्हता. काही बाबतींत तो अधिकच होता.

संघासाठी पुढची जागा सोडणे हेही जुनेच. १९५६ च्या मोन्झा येथील अखेरच्या शर्यतीत फेरारीचा हुआन मॅन्युएल फान्जिओ गाडी बिघडल्यामुळे पायउतार झाला होता. त्याचा तरुण सहकारी पीटर कॉलिन्स स्वतः विजेतेपदाच्या शक्यतेत असूनही पिटमध्ये थांबला, गाडीतून उतरला आणि ती त्याने फान्जिओच्या स्वाधीन केली. (एकच गाडी दोघांनी चालवून गुण वाटून घेण्याची मुभा त्या काळी होती.) फान्जिओ दुसरा आला आणि चौथ्यांदा विश्वविजेता झाला. कॉलिन्सची ही कृती आजवर दिलदारपणाचा आदर्श म्हणून सांगितली जाते. बॅरिकेलोची मात्र नामुष्की म्हणून. कॉलिन्सने ते आपल्या मनाने केले, हा भेद अर्थातच मोठा आहे. पण दुसराही एक भेद आम्हांस दिसतो. कॉलिन्सची गोष्ट बहुतेकांपर्यंत पोहोचली ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून, म्हणजे घडून गेलेली, कोणीतरी अर्थ लावून सांगितलेली अशी. बॅरिकेलोचा वेग कमी होताना मात्र कोट्यवधींनी त्या क्षणी, उघड्या डोळ्यांनी पाहिला. एक आख्यान होते, दुसरा साक्षीपुरावा.

या भेदाचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे ४ ऑगस्ट १९५७ ची न्यूरबर्गरिंगची शर्यत. तिला अनेक जण आजवरची सर्वश्रेष्ठ शर्यत मानतात. फान्जिओ तेव्हा ४६ वर्षांचा होता आणि मासेराटी चालवीत होता. निम्मी टाकी भरून हलक्या गाडीने आघाडी मिळवायची आणि मध्येच थांबून इंधन व टायर घ्यायचे, असा त्याचा बेत. थांबा लांबला. तो परतला तेव्हा फेरारीचे माईक हॉथॉर्न आणि कॉलिन्स पाऊण मिनिटाच्या आसपास पुढे गेलेले होते. मग त्याने फेरीमागून फेरी विक्रम मोडायला सुरुवात केली. सरावात त्याची उत्तम वेळ ९ मिनिटे २५.६ सेकंदांची होती, शर्यतीत त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंदांची फेरी मारली. शेवटून दुसऱ्या फेरीत त्याने दोघांनाही गाठले आणि ३.६ सेकंदांनी जिंकला.

ही शर्यत 'पाहिली' किती जणांनी? त्या वर्तुळाची लांबी सुमारे २२.८ किलोमीटर होती. झाडीतल्या एखाद्या वळणावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला फान्जिओ एकूण २२ वेळा दिसला असेल, तोही दर साडेनऊ मिनिटांनी काही क्षण. प्रत्यक्ष मागे टाकण्याचा प्रसंग त्या जागी असलेल्या मूठभरांच्या वाट्याला आला. बाकीच्यांच्या हाती एक घड्याळ होते आणि घटत जाणारा एक आकडा. मधली नऊ मिनिटे ज्याने त्याने आपल्या मनात भरून काढली. कादंबरीच्या दोन प्रकरणांमधल्या मोकळ्या जागेत वाचक जे काम करतो तेच हे. आजच्या प्रेक्षकाला चालकाच्या डोक्यावरचा कॅमेरा, प्रत्येक टायरचे वय, संघाचे आकाशवाणी-संभाषण, शतांश सेकंदांचा हिशेब असे सर्व काही मिळते. मोकळी जागा तेवढी उरलेली नाही. सगळे दिसते, म्हणूनच काही घडत नाही हेही दिसते. आणि एक गंमत नोंदवावीशी वाटते. १९९४ ते २००९ या काळात शर्यतीत इंधन भरण्याची पुन्हा मुभा होती, तेव्हा रसिकांची मोठी तक्रार अशी की शर्यती रस्त्यावर न होता पिटमध्ये जिंकल्या जातात. परंतु फान्जिओच्या त्या अजरामर पाठलागाला जन्म दिला तो अशाच एका थांब्याने!

इथवर आम्ही कंटाळ्याच्या तक्रारीला जवळजवळ फेटाळूनच लावले आहे. पण एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण जुन्या शर्यतींत एक गोष्ट खरोखरच होती आणि आज ती बरीचशी नाही. त्या शर्यतीत फान्जिओने ज्यांना गाठले ते दोघेही पुढच्या अठरा महिन्यांच्या आत मरण पावले. कॉलिन्स पुढच्याच वर्षी, त्याच न्यूरबर्गरिंगवर. हॉथॉर्न १९५८ चे विजेतेपद मिळवून निवृत्त झाल्यावर, जानेवारी १९५९ मध्ये, साध्या रस्त्यावरच्या अपघातात. १९६१ साली मोन्झा येथे वोल्फगांग फोन ट्रिप्स आणि त्याच्याबरोबर पंधरा प्रेक्षक ठार झाले. शर्यत थांबवली गेली नाही. १९७० साली तेथेच सरावात योखेन रिंट गेला, आणि त्याला विजेतेपद मिळाले ते मरणोत्तर. जुन्या चित्रफिती पाहताना आम्ही श्वास रोखून धरतो तो काही अंशी हे ठाऊक असल्यामुळे. १९७१ ची मोन्झाची शर्यत घ्या. पीटर गेथिन एका शतांश सेकंदाने जिंकला आणि पहिले पाच जण ०.६१ सेकंदांत आत आले. पुढल्या गाडीच्या आडोशाने, वाऱ्याचा अडसर चुकवीत, झुंडीने धावण्याचा तो प्रकार होता. दुसऱ्याच वर्षी तेथे वेग मोडणारी वळणे घातली गेली. ती झुंड परत दिसली नाही. रसिक म्हणून आम्हांला याची हळहळ वाटते, आणि वाटते याची थोडी लाजही वाटते. १९९४ च्या इमोला येथे दोन दिवसांत रोलंड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना गेल्यानंतर जे सुरक्षेचे नियम आले, त्यांबद्दल 'शर्यत सपक झाली' असे म्हणणाऱ्याने आपल्याला नेमके काय हवे होते हे स्वतःला एकदा विचारावे.

तक्रारीचा उरलेला भाग हवेचा आहे. १९६८ पासून गाड्यांना पंख आले. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, तर हा उलटा पंख गाडीला रस्त्यावर दाबून धरतो, आणि म्हणून वळणावर वेग टिकतो. पण पुढच्या गाडीने घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीचे पंख निम्मेशिम्मे निकामी होतात. ती जवळ आली की घसरू लागते, टायर तापतात, आणि चालक शहाणपणाने थोडा मागे राहतो. गाडी वेगवान झाली त्या प्रमाणात तिच्या मागे राहणे कठीण झाले. २०१० च्या अबू धाबी येथील अखेरच्या शर्यतीत फर्नांडो अलोन्सो व्हिताली पेत्रोव्हच्या मागे फेरीमागून फेरी अडकून पडला आणि विश्वविजेतेपद गमावून बसला. २०११ पासून उपाय म्हणून मागच्या चालकाला, तो एका सेकंदाच्या आत असेल तर, ठरलेल्या सरळ पट्ट्यावर मागच्या पंखाची फट उघडून हवेचा अडसर कमी करण्याची सवलत मिळाली. लवकर झिजणारे टायरही आले. मागे टाकण्याचे प्रसंग भरमसाट वाढले. लगेच तक्रारही बदलली: आता म्हणे हे सगळे कृत्रिम! वरकरणी हा रसिकांचा लहरीपणा वाटेल. आम्हांला मात्र ही तक्रार रास्त वाटते. ज्या संकटातून नायक सुटणारच अशी लेखकाने सोय करून ठेवली आहे, त्या संकटाने वाचक घाबरत नाही.

सोय करण्याचा हा मोह कुठवर जातो ते १२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबीत दिसले. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स फेर्स्टापेन यांचे गुण अगदी समसमान होते. शर्यत हॅमिल्टनच्या हातात आलेली. शेवटी एका अपघातामुळे सर्वांना सुरक्षा-गाडीच्या मागे संथ धावावे लागले. ती शर्यत तशीच संपली असती. परंतु शर्यत-संचालकांनी या दोघांच्या मधल्या पाचच गाड्यांना पुढे काढून अखेरची एक फेरी मोकळी करून दिली. नव्या टायरांवरच्या फेर्स्टापेनने जुन्या टायरांवरच्या हॅमिल्टनला मागे टाकले. पुढे चौकशीत ही मानवी चूक असल्याचे मान्य झाले, निकाल कायम राहिला. त्या फेरीला कंटाळवाणी कोणीही म्हणणार नाही. आम्हीही उठून उभे राहिलो होतो. पण नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात दिग्दर्शकाने विंगेतून येऊन पात्रांच्या जागा बदलाव्यात तसे ते होते, आणि त्यापेक्षा २००२ चा नीरस उन्हाळा आम्हांला अधिक प्रामाणिक वाटू लागला.

२०२३ मध्ये २२ पैकी २१ शर्यती रेड बुलने जिंकल्या, त्यांपैकी १९ एकट्या फेर्स्टापेनने. २०२४ च्या मोनॅकोत पहिले दहाही जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोहोचले. असे पूर्वी कधीच घडले नव्हते. त्यावर उतारा म्हणून २०२५ च्या मोनॅकोत टायर बदलण्याची किमान संख्या वाढवली, तर काही संघांनी एका चालकाला मुद्दाम रेंगाळत ठेवून दुसऱ्याची सोय लावली. त्याच वर्षीचे विजेतेपद मात्र अखेरच्या शर्यतीत, अवघ्या दोन गुणांनी, लँडो नॉरिसला मिळाले. पंख उघडण्याची ती सवलत २०२६ च्या नव्या नियमांत नाही; त्या जागी सर्वांच्याच गाड्यांचे पंख हलते झाले आहेत.

भारतातही ही शर्यत तीन वर्षे झाली. ग्रेटर नोएडा येथे २०११, २०१२ आणि २०१३ साली, आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. पहिल्या वर्षी तर साठच्या साठ फेऱ्या तोच पुढे होता. कागदावर यापेक्षा नीरस काही नसेल. आमच्यापैकी एक जण तेथे हजर होता. त्याला क्रमवारी आठवत नाही. आठवतो तो छातीच्या पिंजऱ्यात शिरणारा इंजिनांचा आवाज, आणि दर दीड मिनिटाने तोच आवाज दुरून पुन्हा जवळ येण्याची वाट पाहणे.

६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समध्ये रँस येथे हॉथॉर्न पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत आघाडीवर होता. त्याचा सहकारी लुइजी मुस्सो त्याच शर्यतीत मरण पावला. फान्जिओची ती अखेरची शर्यत. गाडी साथ देत नव्हती, तो चौथा आला. सांगतात की शेवटाकडे हॉथॉर्न त्याच्या अगदी मागे येऊन ठेपला होता आणि त्याला एका पूर्ण फेरीने मागे टाकणे सहज शक्य होते. हॉथॉर्नने वेग कमी केला आणि फान्जिओला रेषा आपल्या पुढून ओलांडू दिली. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते.