हाताला लागणारा पांढरा रंग

परतवाड्याहून धारणीकडे जाताना सेमाडोहला थांबलो, एका जुन्या पाटीला टेकलो आणि बाहीला पांढरी भुकटी लागली. रंगारी याला रंगाचा दोष म्हणतील. मला त्यात एका शोधाची सुरुवात दिसते.

आजच्या पांढऱ्या रंगात बहुधा टिटॅनियम डायऑक्साइड असते. ऊन लागले की ते आपल्याला धरून ठेवणाऱ्या राळेलाच पोखरते. १९३८ मध्ये लंडनच्या गुडईव्ह आणि किचनर यांनी दाखवले, की अतिनील प्रकाशात या पुडीवर रंगद्रव्येही फिकी पडतात. पण रंगवाल्यांना नको असलेली ही खोड पाण्यासाठी वापरावी, हे सुचायला जवळपास चार दशके गेली. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थाच्या साह्याने प्रकाशात पाण्याचे विघटन केले. १९७६ मध्ये कॅनडात केरी आणि सहकाऱ्यांनी पाण्यातल्या चिवट पीसीबी रसायनांतला क्लोरीन त्याने सोडवला.

प्रकाशाने कणातला इलेक्ट्रॉन उडतो. मागे राहिलेली पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवते आणि तो कार्बनी रेणू तोडत नेतो. काम पुरते झाले तर उरतात कर्बवायू, पाणी आणि थोडे क्षार. सारे घडते पृष्ठभागावर, म्हणून नॅनोचे महत्त्व. एक सेंटिमीटरचा घन दहा नॅनोमीटरच्या घनांत कापला, तर ६ चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो!

आपल्याकडे माटुंग्याच्या यूडीसीटीतले भातखंडे आणि पांगारकर यांनी नेदरलँड्सच्या बीनाकर्स यांच्यासह २००२ मध्ये या विषयावरच्या जगभरातल्या कामाचा आढावा लिहिला. संशोधक आजही त्याचा आधार घेतात.

सेमाडोहहून घाट उतरला की अचलपूर-अंजनगावकडची कपाशी आणि संत्र्याच्या बागा लागतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, तेव्हा मोनोक्रोटोफॉसचे नाव साऱ्यांनी ऐकले. त्याचेही असे विघटन प्रयोगशाळेत झालेले आहे. पण ते भांड्यातल्या नितळ पाण्यात. नॅनो पूड पाण्यातून परत गाळणे कठीण, म्हणून ती काचेवर वा झिओलाइटवर बसवतात. शिवाय टिटॅनियमला उन्हातला जेमतेम चार-पाच टक्के अतिनील भागच चालतो. तिसरी अडचण खास वऱ्हाडची. औषध शिवारातून ओहळात उतरते ते पावसात. तेव्हा पाणी गढूळ असते, आणि मे महिन्यात डोके तापवणारे ऊन ढगांआड गेलेले असते.