किटलीची टोपी आणि चिंध्यांचा भाव

परवा बचत गटाच्या प्रदर्शनात एक वस्तू हातात घेतली. चहाच्या किटलीवर घालायची गोधडीची टोपी, म्हणजे टी-कोझी. चिंध्यांचे चौकोन जोडलेले, आत जुन्या सुती चादरीचा थर, वरून बारीक धावदोरा. किंमत दीडशे रुपये. शेजारच्या बाई म्हणाल्या, "चिंध्यांचे एवढे?" शिवणाऱ्या मावशी गप्प बसल्या. म्हणून ही पोस्ट.

टी-कोझी मूळची विलायतेतली. तिथं चहा किटलीत मुरवतात, दूध वेगळं, गप्पा लांबतात, चहा निवतो. म्हणून हे पांघरूण. साहेबाबरोबर ती क्लबात, डाकबंगल्यात आली. आपल्या घरात मात्र रुळली नाही. १९०३ च्या कायद्यानं निर्यातीच्या चहावर उपकर बसला, त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, आणि १९३० नंतर तो आपल्याकडं जोरात आला. प्रचारवाले पत्ती किटलीत मुरवायला शिकवत फिरले. लोकांनी चहा घेतला, पण पातेलं काही सोडलं नाही! उकळला, गाळला, प्यायला. निवायला वेळ कुठाय?

तरी माझ्या आईनं शाळेत शिवणाच्या तासाला टी-कोझी केली होती. घरात किटलीच नव्हती. ती टोपी कित्येक वर्षं रेडिओवर होती.

पण त्यातला टाका आपलाच आहे, वाकळेचा. विरलेली नऊवारी, धोतरं, झबली एकावर एक घालायची आणि धावदोऱ्यानं जखडायची. थरांत हवा अडकते, ऊब टिकते. माणसाला चालतं तेच किटलीला. हा छंद नव्हता बरं का, कापड महाग होतं. दुसऱ्या महायुद्धात टंचाई एवढी वाढली की १९४३ साली सरकारला कापडावर नियंत्रण आणावं लागलं. 'कंट्रोलचं कापड' हा शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आपण ऐकलाय. तेव्हा चिंधी म्हणजे शिल्लक होती, कचरा नव्हे.

आणि हे आपल्या इचलकरंजीत सांगावं लागतंय! १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. पुढं इथल्या मागांवर निघालेल्या सुती साड्या घराघरात गेल्या आणि विरल्यावर वाकळेत शिरल्या. आज कापड उदंड आहे. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या पोत्यानं घंटागाडीत जातात, त्यात पॉलिस्टर मिसळलेलं. ते घाम शोषत नाही आणि जाळलं तर धूर नाकात बसतो. सुती चिंध्या दुकानातच वेगळ्या ठेवल्या आणि गाडीनं त्या बचत गटाकडं पोचवल्या, तर काय बिघडेल? प्रशासनातले कुणी वाचत असतील तर एका वॉर्डात करून बघावं.

आता दीडशेचा हिशेब. मावशींना मी बाजूला विचारलं. एका टोपीला अख्खी दुपार जाते. दोरा, अस्तर, स्टॉलचं भाडं वजा केलं की मजुरी काय उरते, ती त्यांनी कधी मोजलेलीच नाही. घरातल्या वाकळेची तरी कुणी मोजली होती? मिलच्या, मागाच्या कामगाराचा पगार निदान कागदावर आला, त्यासाठी संप झाले. १९८२ चा तर अख्ख्या देशाला माहीत आहे. सुईवाल्या बाईचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं.

मी दोन टोप्या घेतल्या, भाव न करता. आमच्याकडं किटली अजूनही नाही. एक आईला देणार आहे. रेडिओ आहे तिच्याकडं.