फाळके, सरस्वतीबाई

भारतीय मूकपटाच्या आरंभकाळात चित्रपटनिर्मितीची आर्थिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय अंगे सांभाळणाऱ्या कर्तबगार महिला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्या त्या द्वितीय पत्नी. माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांशी त्यांचे नाते होते. १९०२ मध्ये विवाह झाल्यावर त्यांचे नाव सरस्वती असे ठेवण्यात आले.

१९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून फाळके यांनी चित्रपटव्यवसायात पडण्याचा निश्चय केला. सरस्वतीबाईंनीही तो मूकपट पाहिला होता. आप्तेष्टांना हा उद्योग म्हणजे निव्वळ वेड वाटत असता त्यांनी पतीला साथ दिली. आयुर्विम्यावर काढलेल्या कर्जातून फाळके १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन कॅमेरा व अन्य यंत्रसामग्री घेऊन आले. रोपट्याच्या वाढीचा लघुपट पाहून यशवंत नाडकर्णी यांनी कर्ज दिले. तथापि पूर्ण लांबीच्या चित्रपटास ते पुरेसे नव्हते. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने गहाण ठेवण्यास दिले. राजा हरिश्चंद्र या चित्रपटाच्या भांडवलाचा एक भाग अशा रीतीने स्त्रीधनातून उभा राहिला.

तांत्रिक कामातील त्यांचा वाटा विशेष महत्त्वाचा आहे. त्या काळी कच्ची फिल्म कडांना छिद्रे न पाडलेल्या स्थितीत येई. अंधाऱ्या खोलीत यंत्राच्या साहाय्याने समान अंतरावर छिद्रे पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात चालत नसे आणि छिद्रे चुकल्यास पडद्यावरील चित्र अस्थिर होई. हे काम, तसेच चित्रित फिल्म रसायनांत धुण्याचे काम सरस्वतीबाई पतीकडून शिकल्या. चित्रण दिवसा सूर्यप्रकाशात होत असल्याने फिल्म धुण्याचे काम बहुधा रात्री चाले. याखेरीज दादर येथील राहत्या घरी संचातील सर्व माणसांचा स्वयंपाक, वेशभूषेच्या कपड्यांची धुलाई व चित्रणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे, ही कामेही त्यांच्याकडे असत.

या व्यवसायाची समाजाला ओळख नसल्याने पगारी तंत्रज्ञ मिळणे शक्यच नव्हते. मुंबई–कर्जत लोहमार्गावरील वांगणी येथे बाह्यचित्रण चालू असता लाकडी तलवारी घेतलेली पात्रे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला होता. नटांनाही आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहो, असे सांगावे लागे. स्त्रिया भूमिका करण्यास तयार नसल्यामुळे तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले. पडद्यावर स्त्री नसलेल्या या चित्रपटाच्या निर्मितीमागे मात्र एक स्त्री अहोरात्र राबत होती. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी फाळके यांनी आपला उद्योग नासिकला हलविला. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली आणि घरगुती उद्योगाला संस्थेचे रूप आले.

चित्रपटाच्या इतिहासलेखनात सरस्वतीबाईंचा उल्लेख बव्हंशी त्यागी सहधर्मचारिणी म्हणून होतो. तो खरा असला, तरी अपुरा आहे. भांडवल उभे करणे, कामाची माणसे सांभाळणे व काम वेळेवर पार पाडणे ही निर्मात्याची कर्तव्ये मानली, तर त्यांतील मोठा भाग त्यांनी उचलला होता. परंतु तो घरकामात गणला गेल्याने त्याला पदनाम लाभले नाही. चित्रपटसृष्टीत १८९६ पासून कार्य करणाऱ्या फ्रेंच दिग्दर्शिका व निर्मात्या आलिस गी यांचे कर्तृत्वही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. भारतात फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये स्वतःची चित्रपटसंस्था काढली, तेव्हा स्त्री-निर्मातीचे नाव उघडपणे पुढे आले. हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९) या परेश मोकाशी दिग्दर्शित मराठी चित्रपटाने सरस्वतीबाईंच्या या सहभागाचे स्मरण नव्या पिढीस करून दिले. भारतीय चित्रपटनिर्मितीतील स्त्रियांच्या इतिहासाचा आरंभ त्यांच्यापासून करणे युक्त ठरेल.