डीबगर सुरू होताच कोणाचा हुकूम चालतो? : एका लपलेल्या फाइलचा इतिहास

१/ चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून त्यातील दोष शोधणारे साधन म्हणजे डीबगर. ते सुरू होताच कोणाच्या आज्ञा पाळते, या साध्या प्रश्नामागे सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

२/ १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये सीटीएसएस या प्रणालीवर अनेक जण एकाच वेळी एकच संगणक वापरीत. त्याच त्या आज्ञा पुनःपुन्हा टंकण्याचा त्रास वाचावा म्हणून लुई पुझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने 'रनकॉम' लिहिले. आज्ञा एकदा फाइलमध्ये लिहाव्यात. यंत्राने त्या क्रमाने पाळाव्यात.

३/ पुढे युनिक्सने ही कल्पना स्वीकारली. आजही अनेक आरंभ-फाइलींच्या नावाअखेर दिसणारी 'आरसी' ही अक्षरे 'रनकॉम'चाच अवशेष होत.

४/ १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पासाठी जीडीबी हा डीबगर लिहिला. त्याची आरंभ-फाइल म्हणजे 'डॉट जीडीबीइनिट'. नावाआधीच्या टिंबामुळे ती फाइलींच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही.

५/ प्रोग्राम कोठे थांबवावा, माहिती कशी मांडावी, स्वतःच्या नव्या आज्ञा कोणत्या, हे सारे तीत एकदाच लिहून ठेवता येते. जीडीबी प्रथम वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतील फाइल वाची आणि नंतर चालू डिरेक्टरीतील. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र मांडणी लाभे.

६/ धोका याच सोयीत दडलेला होता. जीडीबीतील 'शेल' ही आज्ञा संगणकावर कोणताही प्रोग्राम चालवू शकते. परक्याकडून आलेल्या डिरेक्टरीत जाऊन कोणी जीडीबी सुरू केला, तर तेथील लपलेली फाइल न विचारता अंमलात येई. दोष शोधायला बसलेला माणूस नकळत दुसऱ्याचा हुकूम बजावी.

७/ २०१२ मध्ये जीडीबीच्या ७.५ या आवृत्तीने ही वाट अडवली. 'ऑटो-लोड सेफ-पाथ' नावाची विश्वासू स्थानांची यादी आली. यादीबाहेरच्या डिरेक्टरीतील फाइल जीडीबी नाकारतो आणि तसा इशारा देतो. होम डिरेक्टरीतील फाइल मात्र पूर्वीप्रमाणेच चालते.

८/ एखाद्या प्रकल्पावर विश्वास असेल, तर त्याचे स्थान यादीत जोडणारी ओळ लिहावी लागते, आणि तीही होम डिरेक्टरीतील त्याच आरंभ-फाइलीत. टंकण्याचे श्रम यंत्रावर सोपवता आले. विश्वास कोणावर ठेवावा, हा निर्णय मात्र माणसाकडेच राहिला.