झिजेचा हिशेब

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: पूर्वीच्या गाड्या दणकट होत्या. वीस-पंचवीस वर्षे भाड्याने पळालेली, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा संपून पुन्हा शून्यापासून मोजू लागलेली गाडी डोळ्यांसमोर असली की असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही समजूत खरी नाही. फियाटचे इंजिन झिजत होते, आजच्या बहुतेक इंजिनांपेक्षा लवकर झिजत होते. तरीही गाडी चालत राहिली, कारण त्या इंजिनाच्या रचनेतच झीज गृहीत धरलेली होती आणि ती मोजून भरून काढणारा एक कुशल व्यवसाय या शहरात उभा राहिला होता. गाडीच्या दीर्घायुष्याचे श्रेय लोखंडाला देताना आपण त्या व्यवसायाला विसरतो, किंवा ‘जुगाड’ म्हणून त्याची बोळवण करतो. दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. इंजिन बांधणे हे मोजमापाचे काम होते आणि मुंबईच्या औद्योगिक इतिहासात त्याला कापड गिरण्यांच्या आणि गोदीच्या कामगिरीशेजारी जागा मिळायला हवी.

या व्यवसायाची पायाभरणी धोरणाने केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरवले की, ज्या कंपन्यांना सुटे भाग देशातच बनवायचे नाहीत त्यांनी नुसती जुळणी बंद करावी. १९२८ पासून शिवडीला मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. प्रीमियर राहिली आणि त्याच वर्षी तिने फियाट ११०० बाजारात आणली. पुढे या गाडीची रूपे बदलली. साठच्या दशकात ती ११०० डी झाली, सत्तरच्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. पेट्रोल इंजिनाचे माप मात्र कायम राहिले: चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ घनसेंटिमीटर. मूळ आराखडा तर १९३७ सालचा. एकच इंजिन एका शहरात चार दशकांहून अधिक काळ हजारोंच्या संख्येने धावते तेव्हा त्याचे भाग, त्याची हत्यारे आणि त्याच्याविषयीचे ज्ञान साठत जाते. दर पाच वर्षांनी इंजिन बदलले असते तर हा साठा कधीच झाला नसता.

इंजिन झिजते म्हणजे नेमके काय होते, हे पाहिल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जिथे थांबून मागे फिरते, तिथे तेलाचा थर सर्वांत पातळ आणि उष्णता सर्वांत जास्त असते; म्हणून तोंडापाशी बोअर अधिक झिजतो आणि खाली कमी. शिवाय पिस्टनचा दाब बाजूच्या भिंतींवर पडत असल्याने गोल भोक हळूहळू लंबगोल होते. मग रिंगांना पक्की बसण्याजोगी भिंतच उरत नाही. कॉम्प्रेशन गळते, पिकअप जातो, जळालेला वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये शिरतो आणि तेल वर चढून जळू लागते. गाडी ‘ऑइल खाते’, मागून निळसर धूर सोडते. दुसरीकडे क्रँकच्या पिना झिजतात, ‘मेटल’ म्हणजे बेअरिंगचे कवच आणि पिन यांच्यातली फट वाढते, तेलाचा दाब पडतो आणि इंजिन ठोकू लागते. यातला प्रत्येक दोष मायक्रोमीटरने आणि बोअर गेजने मोजता येतो. मोजता येतो म्हणूनच तो दुरुस्तही करता येतो.

फियाटचा ब्लॉक बिडाचा होता आणि सिलिंडर थेट त्यातच कोरलेले होते. झिजलेला बोअर यंत्रावर किंचित मोठा करून पुन्हा अचूक गोल करायचा, होनिंग करून भिंतीवर तेल धरणाऱ्या तिरप्या रेषा पाडायच्या आणि त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन व रिंगा घालायच्या, ही त्यावरची रीत. हे पिस्टन कोणी चोरवाटेने बनवत नव्हते. ते ठरावीक वाढीव मापांत रीतसर विकले जात. क्रँकचेही तसेच. पिना घासून लहान करायच्या आणि तेवढ्या वाढीव जाडीचे मेटल बसवायचे. बोअर वाढवण्याची हद्द संपली की ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर येता येई. झिजत नसलेल्या इंजिनासाठी वाढीव मापांचे पिस्टन आणि घटत्या मापांच्या पिनांसाठी मेटल कोणी कशाला बनवले असते? दणकटपणाच्या समजुतीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा सुट्या भागांच्या या यादीतच आहे.

गाड्यांना सुटे भाग पुरवणारा उद्योगही त्याच काळात वाढला. मद्रासला १९४९ मध्ये इंडिया पिस्टन्स आणि बंगळूरला १९५१ मध्ये मायको या कंपन्या सुरू झाल्या. मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरातली सुट्या भागांची दुकाने, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या भागांचा बाजार आणि चोर बाजार यांनी नवा, जुना आणि दुरुस्त केलेला माल एका दिवसात हाताशी आणून दिला. कामाची विभागणीही पक्की होती. मिस्त्री इंजिन उतरवून खोलणार. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे जाणार, क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे, हेड व्हॉल्व्ह-सीटच्या कामाला. आणि सगळे परत आले की मिस्त्री इंजिन बांधणार. यातला कोणीही एकटा इंजिन वाचवू शकत नव्हता. म्हणून गाडीच्या टिकण्याला एखाद्या हुशार मिस्त्रीची करामत म्हणणेही अपुरे आहे. टिकली ती एक साखळी, आणि गाडी तिच्या आधाराने.

टॅक्सी या साखळीला सर्वांत सोयीची होती. इंजिनाची बरीचशी झीज गार अवस्थेत सुरू होताना होते, कारण तेल सगळीकडे पोहोचेपर्यंत धातूवर धातू घासतो आणि न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन नेते. दोन पाळ्यांत चालणारी टॅक्सी क्वचितच गार पडते. त्यामुळे दर किलोमीटरमागे तिची झीज आठवड्यातून दोनदा बाहेर पडणाऱ्या खासगी गाडीपेक्षा कमी असते. एकूण किलोमीटर मात्र प्रचंड, त्यामुळे इंजिनकाम ठरलेलेच. नव्वदच्या दशकात साठ हजारांच्या आसपास टॅक्स्या असलेल्या शहरात हे काम कधी आटत नव्हते. आणि उभी टॅक्सी म्हणजे बुडालेली कमाई, म्हणून ते लवकर होणेही भाग होते.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सारे टंचाईचे अपत्य होते. आयात जवळपास बंद, मोजके उत्पादक, १९५९ पासून गाड्यांच्या वाटपावर नियंत्रण, पुढे किमतींवरही; नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे तेव्हा माणसे जुनी दुरुस्त करणार नाहीत तर काय करणार? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे आणि त्या टंचाईचा गौरव करण्याचे कारण नाही. निवड नसल्यामुळे प्रीमियरलाही गाडी सुधारण्याची घाई नव्हती. पण एखादे कौशल्य सक्तीतून जन्मले म्हणून ते हलके ठरत नाही. खुल्या बाजारातही ट्रकची आणि ट्रॅक्टरची इंजिने लायनर बदलून पुन्हा बांधता येतील अशीच बनवली जातात, कारण जिथे यंत्र पोटासाठी चालते तिथे मालक त्याच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च मोजतो. फियाटच्या टॅक्सीवाल्याने नेमके तेच गणित केले होते. टंचाईने त्याला दुरुस्तीकडे ढकलले, पण दुरुस्ती परवडली ती हिशेबामुळे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: धुराचा. मुंबईच्या नागरिकांनी वाहनांच्या प्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९९९ च्या अखेरीस व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर जुन्या टॅक्स्या सीएनजीवर आणण्याचा रेटा वाढला. त्यासाठी लागणारा गॅस पुरवणारी महानगर गॅस कंपनी १९९५ पासून शहरात होती. श्वास घुसमटलेल्या माणसांची ती तक्रार रास्त होती. तिला दोन भागांत उत्तर द्यावे लागते. निळा धूर हा न बांधलेल्या इंजिनाचा दोष आहे; बोअर आणि रिंगा नीट केल्या की तो थांबतो. शिवाय याच इंजिनांनी गॅसही पचवला. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि सीएनजी तर कोरडाच जळतो. दोन्हींमुळे व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजू लागतात, आणि त्यावर कठीण धातूच्या सीट बसवण्याचा उपाय लेथवरच होता. मात्र उत्तराचा दुसरा भाग दुरुस्तीच्या बाजूने जात नाही. दुरुस्ती इंजिनाला त्याच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे नेऊ शकते, त्याच्या पलीकडे नाही. १९३७ च्या आराखड्यात धूर नियंत्रणाची कल्पनाच नव्हती; कार्ब्युरेटरचे ते इंजिन कितीही अचूक बांधले तरी नव्या मानकांना पुरे पडणार नव्हते. गंजलेल्या पत्र्याचे आणि जुन्या काळच्या सुरक्षिततेचेही तसेच. पद्मिनीला निवृत्त करणे चूक नव्हते.

चूक आहे ती निवृत्तीच्या मोजपट्टीत. टॅक्सीला २००८ साली २५ वर्षांची आणि २०१३ साली २० वर्षांची वयोमर्यादा घातली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपताना ती पंचांगानुसार बाद झाली. तिचे इंजिन काल बांधलेले होते की वर्षभर धूर ओकत होते, हा प्रश्न त्या नियमाला पडतच नाही. वर्षे मोजणे प्रशासनाला सोपे असते आणि भ्रष्ट तपासणीपेक्षा ते निदान सर्वांना सारखे लागू होते, हा त्यामागचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण त्याचा इलाज यंत्रांवर होणारी विश्वासार्ह तपासणी हा आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय स्क्रॅप धोरणाने निदान कागदावर तीच दिशा धरली: स्वयंचलित केंद्रात चाचणी, आणि नापास झाली तर गाडी बाद. बोअरिंगवाल्याला जे तत्त्व सत्तर वर्षांपूर्वी ठाऊक होते तेच हे. आधी मोजा, मग ठरवा.

या इतिहासाकडे आज पाहण्याचे आणखी एक कारण आहे. अनेक नव्या इंजिनांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर कठीण लेप इतका पातळ असतो की बोअर वाढवायला जागाच नसते. ती इंजिने फियाटपेक्षा किती तरी जास्त धावतात आणि कमी धूर सोडतात. हा खरा लाभ आहे. पण झीज झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे बहुधा एकच उत्तर असते: पूर्ण ब्लॉक बदला. फियाटच्या आराखड्यात धूर कमी करण्याची तरतूद नव्हती आणि आजच्या अनेक आराखड्यांत दुरुस्तीची नाही. दोन्ही उणिवा रचनेच्या आहेत, नियतीच्या नव्हेत. म्हणून नव्या गाडीला परवाना देताना ती किती स्वच्छ आहे हे जसे विचारले जाते, तसे ती किती वेळा पुन्हा बांधता येईल हेही विचारले पाहिजे. आणि बोअरिंग-ग्राइंडिंगची विद्या शेवटच्या मिस्त्रीबरोबर संपू न देता तंत्रशिक्षणात टिकवली पाहिजे. गाडी जपण्याचे मुंबईचे कौशल्य त्या एका मॉडेलपुरते कधीच नव्हते.