अमेरिकन मोटारींवरील कारखानी संकेतांक : औद्योगिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना :
शिलालेख, ताम्रपट व नाणी यांच्या वाचनाची परंपरा महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात जुनी आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखामुळे भास्कराचार्यांच्या घराण्याची आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवाने स्थापिलेल्या मठाची माहिती अभ्यासकांना मिळाली. यंत्रयुगातही असे लेख निर्माण झाले. मात्र ते दगडावर नसून धातूच्या पट्टीवर आहेत. दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र असो वा भुसावळचे रेल्वे कारखाने, प्रत्येक यंत्रावर निर्मात्याची पट्टी असते. तिच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात जुन्या अमेरिकन मोटारींवरील संकेतांकांच्या आधारे या साधनाचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत.

मुंबईतील जोडणी उद्योग :
हा विषय महाराष्ट्राला परका नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणीचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्यांची जोडणी होऊ लागली. केवळ जोडणी करणाऱ्या आणि देशी उत्पादनाची योजना नसलेल्या कंपन्यांना स्थान नसावे, असे धोरण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर स्वीकारले गेले. परिणामी जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. त्या काळातील उरलेली प्रत्येक गाडी ही एका संपलेल्या उद्योगाचा अवशेष होय.

संकेतांकांचे स्वरूप :
अमेरिकन कारखान्यांत एकाच नमुन्याची गाडी निरनिराळी इंजिने, गिअर, रंग व आसने यांसह तयार होई. कामगाराला नेमके काय बसवायचे हे थोडक्यात कळावे, यासाठी संकेत आवश्यक झाले. म्हणजेच ही पट्टी मुळात ग्राहकासाठी नसून कारखान्यातील कामाचा हुकूम होती.

अमेरिकेतील डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात ५एफ०८एफ१००००१ या क्रमांकाची मस्टँग आहे. यातील ५ म्हणजे १९६५ हे नमुना-वर्ष, पहिला ‘एफ’ म्हणजे डिअरबॉर्न कारखाना, ०८ म्हणजे उघड्या टपाची गाडी, दुसरा ‘एफ’ म्हणजे २६० घनइंचाचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि शेवटचे सहा अंक म्हणजे अनुक्रमांक. येथे एकाच अक्षराचे स्थानपरत्वे दोन अर्थ होतात. पुढे १९६८ च्या मस्टँगवर इंजिनाच्या स्थानी आलेला ‘एफ’ ३०२ घनइंचाचे इंजिन दर्शवितो. क्रायस्लरच्या १९७० च्या सुमारासच्या पट्ट्या तर खालच्या ओळीपासून वर वाचाव्या लागतात. तेथे ‘ई७४’ म्हणजे ४२६ घनइंचाचे हेमी इंजिन, तर ‘डी२१’ म्हणजे हाताने बदलण्याचे चार गिअर.

साधनचिकित्सा :
या वाचनात तीन बाबींचे भान आवश्यक आहे. पहिली, संकेताचा अर्थ कंपनी, वर्ष व स्थान यांवर अवलंबून असतो. दुसरी, नमुना-वर्ष हे निर्मितीचे वर्ष नव्हे. वरील मस्टँगवर १९६५ दर्शविणारा अंक असला तरी ती १९६४ मध्ये बनली. तिसरी, पट्टी बदलता येते. दुर्मीळ इंजिनाच्या गाडीला मोठी किंमत येत असल्याने साध्या गाडीवर बनावट पट्टी लावण्याचे प्रकार घडतात. म्हणून पट्टीवरील मजकूर इंजिनावरील ओतीव क्रमांक, कारखान्याची कागदपत्रे व नोंदणीपुस्तक यांच्याशी पडताळणे अगत्याचे ठरते. शिवाय पट्टी सांगते ती गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली एवढेच. पुढे तिच्यात काय बदल झाले, हे ती सांगत नाही.

हा प्रश्न केवळ संग्राहकांचा नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या व मूळ स्वरूपातील खासगी वाहनांना ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. सांगाडा, बाह्यकाया वा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले वाहन त्यास अपात्र ठरते. ‘मूळ स्वरूप’ कोणते, हे ठरविताना संकेतांकांचे जाणकार वाचन हाच महत्त्वाचा पुरावा असतो.

निष्कर्ष :
कारखानी पट्टी हा समकालीन व प्राथमिक पुरावा आहे. परंतु तो एकाकी वाचल्यास दिशाभूल करतो. यंत्र भंगारात गेले की पट्टीही वितळते, आणि तिच्याबरोबर निर्मितीची नोंद नष्ट होते. खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जुनी वाहने, गिरण्यांची यंत्रे व विद्युत केंद्रातील सामग्री यांवरील पट्ट्यांची छायाचित्रे, त्यांचे स्थान व संबंधित कागदपत्रे यांची नोंद विद्यार्थ्यांकरवी करून घ्यावी. अशी नोंद झाल्यास प्रदेशाच्या औद्योगिक इतिहासाला कागदाबाहेरचा आधार मिळेल.