मायकेल मायर्सचं बालपण कुणाला हवं होतं?

आजचा भाग एका स्लॅशर रिमेकवर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मला तो पटत नाही. पण 'जुनं ते सोनं' म्हणून मोकळं व्हायचं असतं, तर अख्खा भाग कशाला केला असता? रॉब झॉम्बीचा २००७ चा 'हॅलोवीन' नेमका कुठे घसरला, हे बघायचं तर आपल्याला थोडा इतिहास चाळावा लागेल. दोन्ही सिनेमांची गोष्ट फुटणार आहे, तेव्हा पाहिले नसतील तर आधी बघून या.

मूळ 'हॅलोवीन' १९७८ चा. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर तेव्हा ३० वर्षांचा होता. लेखनात त्याच्यासोबत डेब्रा हिल, आणि निर्मातीही तीच. बजेट सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा खर्च. गोष्ट घडते इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात, शरद ऋतूत. चित्रीकरण मात्र झालं कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात. मग पानगळ कुठून आणायची? पानं रंगवली, रस्त्यावर पसरली आणि शॉट झाला की पुढच्या शॉटसाठी परत गोळा केली! खुन्याचा मुखवटासुद्धा दुकानातून आणलेला, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, आणि एका ओळखीच्या नटाचा चेहरा कुणाचाच उरला नाही.

हा 'कुणाचाच नाही' म्हणजेच तो सिनेमा. सुरुवात आठवा. १९६३ ची हॅलोवीनची रात्र. आपण कुणाच्या तरी डोळ्यांतून एका घरात शिरतो, स्वयंपाकघरातून सुरी उचलतो, वर जातो. एका तरुण मुलीचा खून होतो. मग आपण बाहेर अंगणात येतो, कुणीतरी तोंडावरचा मुखवटा काढतं आणि समोर दिसतो विदूषकाच्या कपड्यांतला सहा वर्षांचा मुलगा. दोन्ही बाजूंना त्याचे आईवडील, चांगल्या कपड्यांतले, थिजून उभे. खून झालेली मुलगी त्याची सख्खी बहीण. का मारलं? सिनेमा सांगतच नाही. ज्यानं सांगायचं तो मानसोपचारतज्ज्ञ, डॉक्टर लूमिस, त्यानंच हात टेकलेत. आठ वर्षं त्यानं या मुलाच्या मनात शिरायचा प्रयत्न केला आणि पुढची सात वर्षं तो कधीच बाहेर पडू नये म्हणून धडपडला.

आता ते घर बघा. छान दुमजली, पुढे हिरवळ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतला गोरा मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणावर शहरं सोडून अशा उपनगरांत राहायला गेला. सरकारी हमीची गृहकर्जं होती, नवे महामार्ग होते आणि मनात एक समजूत होती: धोका शहरात राहिला, इथे आपण सुरक्षित. 'हॅलोवीन' नेमका त्या समजुतीच्या मुळावर येतो. हा खुनी बाहेरून आलेला नाही, तो याच गल्लीत जन्मलाय. शेवटाकडे लॉरी जीव घेऊन पळते, शेजाऱ्यांचं दार बडवते. दिवा लागतो, कुणीतरी खिडकीतून बघतं, आणि पडदा ओढून दिवा परत बंद! माझ्या मते सगळ्या सिनेमात सगळ्यात भीतिदायक क्षण हाच, आणि त्यात सुरी कुठेच नाही.

कारण चिकटवायची खोड मात्र झॉम्बीनं लावलेली नाही, हे मान्य करायला हवं. १९८१ च्या 'हॅलोवीन २' मध्ये लॉरी ही मायकेलची धाकटी बहीण निघाली, आणि ती पटकथा खुद्द कार्पेंटर आणि हिल यांचीच. १९९५ च्या सहाव्या भागापर्यंत तर एक गुप्त पंथ, एक शाप, असं काय काय येऊन बसलं. पुढे २००३ मध्ये 'टेक्सस चेनसॉ मॅसकर'चा रिमेक चालला आणि रिमेकची रांगच लागली. त्या वर्षांत हॉलिवूडला खुन्यांच्या बालपणाचं वेड लागलं होतं. १९७४ च्या 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये खुनी आपल्याला धड दिसतसुद्धा नाही, एक डोळा आणि फोनवरचा आवाज, बस्स. २००६ च्या रिमेकनं त्याला आजार दिला, क्रूर आई दिली, सविस्तर भूतकाळ दिला. २००७ च्या सुरुवातीला 'हॅनिबल रायझिंग' आला, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर झॉम्बीचा 'हॅलोवीन'.

झॉम्बीनं जवळजवळ अर्धा सिनेमा मायकेलच्या लहानपणावर आणि वेड्यांच्या इस्पितळातल्या वर्षांवर घालवलाय. इथे तो दहा वर्षांचा आहे. आई स्ट्रिप क्लबमध्ये नाचते, सावत्र बाप घरात बसून दारू पितो आणि शिव्या घालतो, शाळेत पोरं छळतात. मुलगा आधी प्राणी मारतो, मग माणसं. दोन अधिक दोन चार.

आणि माझं भांडण आहे ते इथेच. 'गूढ गेलं' ही तक्रार सगळेच करतात, ती ठीक आहे. पण जरा बघा, कारण द्यायचं ठरल्यावर ते सापडलं कुठे? गरीब घरात. नाचणाऱ्या बाईच्या घरात. मूळ सिनेमा बरी परिस्थिती असलेल्या प्रेक्षकाला म्हणत होता, हे तुझ्याच घरात होऊ शकतं. रिमेक त्याच प्रेक्षकाचा खांदा थोपटतो: घाबरू नकोस, असले लोक 'तिकडे' जन्मतात. दारुड्या बापाच्या घरात वाढून सरळमार्गी आयुष्य जगणारी माणसं तुमच्या-माझ्या ओळखीत ढिगानं आहेत. त्यांच्याकडे संशयानं बघायला शिकवणारा सिनेमा भीतिपट म्हणूनही कमी पडतो, कारण तो भीती आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवतो.

झॉम्बीला काहीच जमलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्याकडचा मार खरा दुखतो, मरणारी माणसं पटकन मरत नाहीत आणि आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. इस्पितळात आईला भेटणारा मुलगा बघताना माझ्याही पोटात कालवतं. माल्कम मॅकडॉवेलचा लूमिस तर मायकेलवर पुस्तक लिहून मोकळा होतो! खुन्याचं स्पष्टीकरण हा विकायचा माल आहे, हे झॉम्बीला कळत होतं. कळूनही त्यानं तोच माल विकला.

काही श्रोत्यांना रिमेकच जास्त आवडतो, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. आपल्याकडची भुतं बघा ना. मुंजा का झाला, हडळ का झाली, प्रत्येकाची कहाणी ठरलेली. कारण कळलं की उतारा ठरतो, तिन्हीसांजेला लिंबू-नारळ ठेवलं की निदान मनाचं समाधान. कारण मागणं ही खरं तर उपाय मागण्याचीच रीत आहे. १९७८ च्या मायकेलला उतारा नाही. लूमिस त्याला सहा गोळ्या घालतो, तो गच्चीवरून खाली पडतो, आणि परत बघावं तर जागा रिकामी. मग कॅमेरा एकेक ओळखीची जागा दाखवतो: खोली, जिना, अंधारातली घरं. आणि ऐकू येतो त्याचा श्वास.

२०१८ मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीननं नवा 'हॅलोवीन' केला, तेव्हा सगळ्यात आधी मधले सगळे भाग बाजूला सारले. बहिणीचं नातं ही नुसती लोकांनी उठवलेली वावडी, असं त्यातलं एक पात्र सरळ म्हणून टाकतं. ४० वर्षं चिकटवलेली कारणं एका वाक्यात खरवडून काढली! पुढचे भाग कसे झाले हा वेगळा वाद, पण हे पाऊल बरोबर होतं.

तेव्हा आज रात्री मूळ सिनेमा लावलात, तर मायकेलवरची नजर जरा काढा आणि त्या शेजाऱ्याची खिडकी बघा. दिवा बंद करणारा तो माणूस कोण होता, त्याचं बालपण कसं गेलं, हे कुठल्याच रिमेकनं विचारलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. भेटूया पुढच्या भागात.